माशी नको, झोप सांग

प्रश्न : ताई, मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत जीवशास्त्रात पीएच.डी. करते आहे. तिसरं वर्ष संपत आलं. फळमाशीच्या झोपेवर माझं काम आहे. मूळची तासगाव तालुक्यातली, घरची द्राक्षबाग. बऱ्याच दिवसांपासून मराठीत विज्ञानाच्या रील करते, बघणारे बरे आहेत (एकीची लिंक सोबत पाठवते). लॅबमध्ये मात्र माझं नाव 'रीलवाली' पडलंय. सर तोंडावर काही म्हणत नाहीत, पण मागच्या आरएसीनंतर (पीएच.डी.ची प्रगती तपासणारी समिती) एवढंच बोलले, "आधी पेपर, मग प्रवचन."

दिवाळीत गावच्या शाळेनं बोलावलं होतं. "मी फळमाशीवर संशोधन करते," असं म्हटल्याबरोबर मागे बसलेले एक पेरूवाले काका उठले. म्हणाले, "मग आमच्या पेरूतल्या अळीला काय मारायचं ते सांग." मला उत्तर आलं नाही. पोरं हसली. अप्पा काही बोलले नाहीत, पण घरी जाताना गाडीवर गप्पच होते.

खरं सांगायचं तर हल्ली मला लॅबपेक्षा लोकांशी बोलण्यातच जास्त रस वाटतो. दोन्ही दगडांवर पाय ठेवून चालेल का? की पीएच.डी. सोडून पूर्णवेळ हेच करू? की प्रबंध होईपर्यंत सगळं बंद करू?

— एक माशीवाली, पुणे

प्रिय माशीवाली,

शेवटून सुरुवात करते. पीएच.डी. सोडू नकोस. लोकांशी बोलणंही बंद करू नकोस. फक्त आज ते ज्या पद्धतीनं चाललंय तसं चालू ठेवू नकोस. हे 'सासूचंही खरं, सुनेचंही खरं' छापाचं उत्तर वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या शाळेत काय झालं ते बघू. तुझ्या अख्ख्या पत्रात मला तेच सगळ्यात कामाचं वाटलं, आणि तू नेमकं ते अपमानाच्या खात्यात टाकून मोकळी झालीस.

काकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. शेतकऱ्याची फळमाशी वेगळी आणि तुझी वेगळी. तुझी ड्रोसोफिला म्हणजे पिकून काळ्या पडलेल्या केळ्यावर घोंगावणारी तीळभर माशी. ती सडत्या, आंबत्या फळावर अंडी घालते. काकांची बॅक्ट्रोसेरा, तिचं कूळच निराळं. घरमाशीच्या आसपास आकार, अंगावर पिवळे पट्टे. तिची मादी झाडावरच्या चांगल्या फळाच्या सालीला भोक पाडून आत अंडी घालते. अळी गर खाते, फळ गळतं, अळी मातीत शिरून कोष करते. ह्याच माशीपायी युरोपीय संघानं मे २०१४ मध्ये आपल्या आंब्याला दार बंद केलं होतं आणि ते जानेवारी २०१५ मध्ये उघडलं. मिथाईल युजेनॉलचा वास लावलेले सापळे बागेत टांगलेले असतात ते तिच्या नरांसाठी. काकड्या, दोडक्यांवरच्या माशीला तो वास चालत नाही, तिथे क्यू-ल्युर नावाचा दुसरा वास लागतो.

एवढं तुला त्या दिवशी सांगता आलं असतं तर पोरं हसली नसती. "गळलेले पेरू बागेत सडू देऊ नका, गोळा करून पुरा. झाडाखालची माती हलवा. सापळे फळ पाडाला लागायच्या आधी लावा. औषधाचं मात्र कृषी विज्ञान केंद्रात विचारा, ती माझी माशी नाही." चार वाक्यं. ती तुला येत नव्हती ह्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तू कीटकनाशकांची तज्ज्ञ नाहीस. पण गावात जाण्याआधी 'फळमाशी' म्हटल्यावर समोरच्याच्या डोळ्यांपुढे काय येणार, हा विचार व्हायला हवा होता. माशीवर तीन वर्षं घालवणाऱ्या माणसाला हे सुचत नाही, कारण लॅबमध्ये माशी म्हटल्यावर सगळ्यांना एकच माशी दिसते.

आता मुद्द्याचं. तू त्यांना तुझा प्राणी सांगितलास. तुझा प्रश्न सांगितलाच नाहीस.

तुझं काम झोपेवर आहे ना? मग सुरुवात झोपेनं कर. तुझ्या गावात झोपेचा विषय काढलास तर किती बोलणं निघेल ह्याची तुला कल्पना आहे का? शेतीच्या लाईटचं वेळापत्रक बघ. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस बारा वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला जातो, पहाटे येतो, सकाळी सातला पुन्हा गोठ्यात. सौर वाहिनीची दिवसाची लाईट काही भागांत आली, पण सगळीकडे कुठे? साखर कारखान्याच्या हंगामात पाळ्या आहेत. एमआयडीसीत जाणाऱ्या पोरांच्या पाळ्या तर दर आठवड्याला बदलतात. द्राक्षाच्या छाटणीनंतर औषधं मारायला पहाटे उठणारी घरं तुझ्याच गल्लीत असतील. "रात्री जागून दिवसा झोपलं तरी अंग का भरून येत नाही?" हा प्रश्न त्या शाळेत मागे बसलेल्या प्रत्येकाचा होता आणि त्यावर काम करणारी मुलगी समोर उभी राहून माशीचं नाव सांगत होती.

आणि तुझ्याकडे सांगायला काय आहे बघ. १९७१ साली कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर ह्यांना माश्यांमध्ये तीन बिघाड सापडले. एका बिघाडाच्या माशीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा आणि तिसरीला वेळेचा पत्ताच नाही, केव्हाही झोपते, केव्हाही उठते. तिन्ही बिघाड एकाच जनुकातले. एका जनुकात बिघाड झाला की अंगातलं घड्याळच बदलतं, हे इतक्या उघडपणे तोवर कुणी दाखवलं नव्हतं. त्या जनुकाचा मागोवा घेणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग ह्यांना २०१७ चं नोबेल मिळालं. "माश्या मारून काय मिळतं?" असं तुझ्या घरी कुणीतरी नक्की म्हणालं असेल. त्याला हे सांग.

त्यापुढे तुझं रोजचं उपकरण. मला वाटतं, तुला त्याची इतकी सवय झालीय की ते मजेदार आहे हेच तू विसरलीस. बोटाएवढी काचेची नळी, एका टोकाला खाणं, दुसऱ्या टोकाला कापसाचा बोळा, मध्ये एकच माशी. अशा ३२ नळ्या एका मॉनिटरमध्ये शेजारी शेजारी. प्रत्येक नळीच्या मधोमध न दिसणाऱ्या उजेडाची एक रेघ. माशीनं ती ओलांडली की कॉम्प्युटरमध्ये नोंद पडते. पाच मिनिटं नोंद नाही म्हणजे माशी झोपली. हे पाच मिनिटांचं माप कुठून आलं? २००० साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की तेवढा वेळ न हललेली माशी सहजी उठत नाही, रात्रभर तिला जागवली तर दुसऱ्या दिवशी भरपाईची झोप काढते आणि कॅफीन दिलं तर तिची झोप उडते. चहा घेऊन दारं धरायला जाणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटेल? मी तुझ्या जागी असते तर एक रिकामा मॉनिटर सरांना विचारून गावी नेला असता आणि नळी पोरांच्या हातात दिली असती. रील राहू दे बाजूला.

इथे एक ब्रेक लावते. माशीत दिसलं म्हणून माणसाला तसंच्या तसं लागू, असं एकही वाक्य तुझ्या तोंडून जाऊ नये. जिथे पूल बांधलेला आहे तिथूनच पलीकडे जा. असा एक पक्का पूल आहे. अमेरिकेत युटामधल्या एका कुटुंबात माणसं संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोपायची आणि पहाटे साडेचारला टक्क जागी. २००१ मध्ये त्यांच्यात जो बदल सापडला तो माशीच्या त्याच जनुकाच्या मानवी भावंडात होता. हे बिनधास्त सांग. पण रात्रपाळी आणि कर्करोगाचं प्रकरण जपून. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००७ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातलं, हे खरं आहे. त्या गटाचा अर्थ पुरावा कितपत भक्कम आहे एवढाच. धोका किती मोठा, हे त्यातून कळत नाही. हा फरक न सांगता ते वाक्य तू स्टेजवरून टाकलंस तर रात्रीची लाईट असलेल्या घरात नुसती घबराट होईल आणि लाईट काही दिवसा येणार नाही. ज्याच्या हातात बदलण्यासारखं काही नाही त्याला नुसती भीती देऊन यायचं नाही, हा मी स्वतःपुरता केलेला नियम आहे. तू तो पाळावास असं माझं म्हणणं.

आता सरांकडे वळू.

'आधी पेपर, मग प्रवचन' हे मला वाईट माणसाचं वाक्य वाटत नाही. तुझ्या फेलोशिपची पाच वर्षं आहेत, त्यातली तीन गेली. आधी दोन वर्षं जेआरएफ म्हणजे कनिष्ठ फेलोशिप, पुढे एसआरएफ म्हणजे वरिष्ठ, मग घरून पैसे मागायचे की सरांच्या प्रोजेक्टमधून पदर पसरायचा, हे त्यांनी आधीच्या विद्यार्थ्यांचं पाहिलेलं असणार. त्यांची काळजी वेळेची आहे, तू मात्र ती नापसंती म्हणून ऐकलीस. तेव्हा 'मला विज्ञान प्रसारात रस आहे' असलं मोघम बोलायला जाऊ नकोस. नेमकं माग. 'महिन्यातला एक शनिवार आणि वर्षातून दोनदा गावाकडच्या शाळा. बदल्यात पुढच्या आरएसीच्या आधी पहिल्या पेपरच्या आकृत्या तुमच्या टेबलवर.' आणि पहिला मसुदा खरंच आधी टेबलवर ठेव, मग हे बोल.

एक गोष्ट खिशात असू दे. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २०२२ मध्ये वैज्ञानिकांच्या सामाजिक जबाबदारीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. संशोधन करणाऱ्या प्रत्येकानं वर्षाला किमान १० दिवस समाजासाठी द्यावेत आणि मूल्यमापनात त्याची दखल घेतली जावी, असं त्यात म्हटलंय. म्हणजे तुझ्या शाळाभेटी सरांच्या वार्षिक अहवालात जमेच्या बाजूला जाऊ शकतात. हे कागद नाचवत भांडायला जाऊ नकोस. संस्थेच्या अहवालासाठी माहिती हवी असेल तर मी देईन, असं म्हण. गाईड लोकांना फॉर्म भरणारा माणूस फार आवडतो.

सरांशी एक गोष्ट मात्र स्पष्ट ठरवून घे : काय बोलायचं नाही. छापून न आलेला डेटा बाहेर नाही. दुसऱ्याच्या प्रोजेक्टबद्दल चकार शब्द नाही. लॅबचं नाव कुठे घालायचं आणि कुठे नाही. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या संपादकांनी १९६९ मध्ये दंडक घातला की निकाल आधी इतरत्र गाजवून झाला असेल तर आम्ही छापणार नाही. आज परिषदेतली भाषणं आणि प्रीप्रिंट (छापण्याआधी खुला ठेवलेला मसुदा) बहुतेक नियतकालिकांना चालतात, पण पेपर हातात नसताना कॅमेऱ्यासमोर आलेख दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला कुठलाही गाईड माफ करत नाही. बरोबरच आहे. तो आलेख एकट्या तुझा नसतो.

वेळ कुठून काढायचा, हे तू विचारलं नाहीस. ह्या प्रश्नाला पत्रात बगल दिलीस असं वाटलं. माश्यांच्या लॅबला रविवार नसतो, हे मला ठाऊक आहे. व्हर्जिन, म्हणजे नराशी अजून जुळलेल्या नसलेल्या माद्या, गोळा करायच्या म्हणजे सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा हजेरी, कारण २५ अंशांवर कोषातून निघालेली मादी आठेक तासांनी नराला नाकारत नाही. पण तुझ्या शेजारी १८ अंशांचा इन्क्युबेटर आहे ना? त्यात तोच अवधी सोळा तासांच्या घरात जातो. शनिवारी गावी जायचंय, तर शुक्रवारी रात्री क्रॉससाठीच्या (ठरवून जोडी लावायच्या) माश्यांच्या व्हायल, म्हणजे बाटल्या, रिकाम्या करून १८ ला ठेव आणि एखाद्या ज्युनिअरला सकाळची फेरी सांग. तिची दिवाळी तू सांभाळ, तुझा शनिवार ती सांभाळेल. झोपेच्या प्रयोगातल्या माश्यांना मात्र हा खेळ लावू नकोस. तापमान बदललं की त्यांची झोप बदलते आणि मग आरएसीपुढे सारवासारव करत बसावं लागतं.

दुसरी फट तुझ्या प्रयोगातच आहे. मॉनिटर लागला की आठवडाभर इन्क्युबेटरचं दार उघडायचं नसतं. त्या आठवड्यात तू बाकीचं काम करशीलच, पण संध्याकाळचे दोन तास तरी मोकळे निघतात. ते लिखाणाला दे. रीलला देऊ नकोस.

आता रीलबद्दल. मी त्यांच्या विरोधात नाही. तू पाठवलेली मी दोनदा पाहिली, चांगली बोलतेस, हात कमी हलवलेस तर आणखी बरं. पण रीलचं तंत्र असं की ती थांबू देत नाही. आठवडाभर टाकली नाहीस की बघणारे ओसरतात, मग तू विषय तुझ्या कामातून न काढता व्हायरल काय आहे त्यातून काढायला लागतेस. तुझ्या पानावर मी खाली उतरत गेले. झोपेवरची एकही रील सापडली नाही. डायनोसॉर आहेत, 'मेंदूबद्दलच्या सात अजब गोष्टी' आहेत. ह्या सात गोष्टी सांगायला झोपेवर पीएच.डी. करणारी मुलगी कशाला हवी? त्या कुणीही सांगेल. तुझ्याशिवाय जे कुणी सांगू शकत नाही ते तू सांगत नाहीस. सरांच्या टोमण्यापेक्षा मला हे जास्त खटकलं.

जयंत नारळीकरांनी स्वाक्षरी मागायला येणाऱ्या मुलांसाठी एक पद्धत ठेवली होती. वही पुढे करायची नाही. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवायचा, उत्तर येईल आणि खाली सहीही असेल. मला त्यांच्या सगळ्या विज्ञान प्रसारात ही गोष्ट सर्वांत हुशारीची वाटत आली आहे. पोस्टकार्डावर जागा कमी, म्हणून उत्तर नेमकं. आणि प्रश्न मुलाचा, म्हणून विषय शोधायची कटकट नाही. ते हे सगळं खगोलशास्त्रातलं काम चालू ठेवून करत होते, कारण काम किती घ्यायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. तूही असंच काहीतरी बांधून घे. महिन्याला एक प्रश्न घे, झोपेचाच, गावातून किंवा शाळेतून आलेला, आणि त्याला सातआठशे शब्दांचं उत्तर लिही. त्यातूनच हवी तर एक रील. बाकीचे दिवस पान ओस पडलं तर पडू दे.

हे लिखाण पाठवायला जागा आहेत. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच काम करते आहे आणि तिची पत्रिका संशोधक विद्यार्थ्यांचं लिखाण शोधत असते. पुण्यातच 'शैक्षणिक संदर्भ' हे नियतकालिक आहे, शिक्षकांपर्यंत पोहोचायचं असेल तर ते. मराठी विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांसाठी (विषयवार नोंदी करणारे गट) एखादी नोंद लिहून बघ. तिथे एकेका शब्दासाठी किती घासावं लागतं ते कळेल, आणि प्रबंधाच्या इंग्रजीलाही त्याचा फायदा होईल, हे खात्रीनं सांगते. पीएच.डी. करणाऱ्यांनी आपल्याच संशोधनावर लोकांसाठी लिहावं म्हणून विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २०१८ मध्ये 'अवसर' ही स्पर्धा सुरू केली, पहिलं बक्षीस एक लाखाचं. जाहिरात निघतेय का त्यावर लक्ष ठेव. बक्षिसापेक्षा 'विभागानं मागवलेला लेख' म्हटल्यावर लॅबमधल्या तोंडांना जो आळा बसतो तो उपयोगी.

शब्दांचं फार मनावर घेऊ नकोस. जनुक म्हण, जीन म्हण, ऐकणाऱ्याला जो चालतो तो. लेख झाला की आईला मोठ्यानं वाचून दाखव. ती जिथे 'बरं' म्हणते तिथे तिला कळलेलं नसतं. जिथे 'म्हणजे काय गं?' म्हणते तिथे तरी ती ऐकत असते.

'रीलवाली'बद्दल काय सांगू? पहिला पेपर आला की थांबेल. नाही थांबलं तर त्यांचा हेवा समज आणि त्यांच्याच कामावर एक रील करून दे. फुकटची प्रसिद्धी कुणाला नको असते?

आता तो मोठा प्रश्न, सोडायचं का. 'लॅबपेक्षा लोकांशी बोलण्यात रस वाटतो' हे वाक्य तिसऱ्या वर्षाच्या शेवटी लिहिलेलं आहे, हे मी विसरू शकत नाही. तिसऱ्या वर्षी प्रयोग फसतात, नवेपणा सरलेला असतो, शेवट दिसत नसतो. त्या काळात टाळ्या देणारी कुठलीही जागा घरासारखी वाटते. रस खरा आहे का ते चौथ्या वर्षी, आकृत्या जुळायला लागल्यावर, स्वतःला पुन्हा विचार. तेव्हाही हेच उत्तर आलं तर खुशाल त्या वाटेला जा, पण पदवी हातात घेऊन. कारण अगदी व्यवहाराचं आहे. मराठीत नुसत्या विज्ञानलेखनावर पोट भरत नाही, आज तरी नाही. ह्या क्षेत्रात पगार देणाऱ्या जागा म्हणजे संशोधन संस्थांचे जनसंपर्क आणि प्रसार विभाग, नियतकालिकांची संपादकपदं, विज्ञान केंद्रं, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रासारख्या शिक्षणावर काम करणाऱ्या संस्था. तिथे अर्ज करताना अर्धवट पीएच.डी. समजावून सांगण्यात मुलाखत संपते.

व्यवहारापलीकडचं कारणही आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं नाव तुला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रवेशाच्या गोष्टीमुळे माहीत असेल. सी. व्ही. रामन ह्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत आणि १९३३ मध्ये आत शिरल्याच. पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यासारख्या वनस्पतींवर काम करत त्यांनी सायटोक्रोम सी हे पेशींच्या श्वसनात लागणारं प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतं हे दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. पण त्यांचं उत्तरायुष्य कमी सांगितलं जातं. त्या ग्राहक चळवळीत उतरल्या, मुंबईच्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या अध्यक्ष झाल्या, अन्नातल्या भेसळीबद्दल आणि ग्राहकाच्या सुरक्षिततेबद्दल सामान्य माणसासाठी लिहीत राहिल्या. हळदीत काय मिसळतात हे सांगणारे पुष्कळ असतात. पण जिनं आयुष्यभर परीक्षानळी हातात धरली, तिनं सांगितलेलं व्यापाऱ्यालाही खोडून काढता येत नाही. झोपेबद्दल उद्या कुणी कसलीशी गोळी विकायला गावात आला तर 'हे खोटं आहे' म्हणणारी तू असावीस. 'मी ह्यावर प्रबंध लिहिलाय' हे त्याच्या तोंडावर म्हणता आलं तरच तो गप्प बसेल.

अप्पांचं गाडीवरचं गप्प राहणं मी तुझ्याएवढं मनाला लावून घेतलं नसतं. द्राक्षवाल्या माणसाला दिवाळीत आभाळाकडे बघून गप्प बसायला हजार कारणं असतात, छाटणीनंतरचा पाऊस आणि केवडा रोग धरून. पण फोन करशील तेव्हा त्यांना एक विचार : रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात झोप कधी लागते, किती वेळ, आणि लाईट बदलल्यावर अंगाला रुळायला किती दिवस जातात. उत्तरं वहीत लिहून घे. संशोधनासाठी नाही, त्याला नैतिकता समितीची परवानगी लागते. पुढच्या शाळेत कुठून सुरुवात करायची ते त्यातून कळेल म्हणून.

तुझी,
ताई

ता. क. : तू पाठवलेल्या रीलमध्ये तुझ्या उजव्या खांद्यामागचा पांढरा फळा स्पष्ट दिसतो. त्यावर निळ्या मार्करनं क्रॉसची अख्खी योजना लिहिलेली आहे, आणि मोबाईल थांबवून मला दोन जनुकांची नावं वाचता आली. ती तुझ्या न छापलेल्या पेपरमधली असावीत असं दिसतं. आजच ती रील काढ, फळा पुस आणि भिंतीकडे पाठ करून पुन्हा कर.